सीतेचं लुगडं

दुपारची पेज पिऊन मी पडवीत आडवा झालोय. कुशीत सीता. लाकडी बाहुली आहे हो, बायको नव्हे! बायको, माझी शेवंती, गेल्या शिमग्यात गेली. पण तिच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा या सीतेच्या अंगावर आहे, तिनेच शिवलेला. तेवढाच काय तो उरलाय.

आणि आता तोही काढायचा म्हणे. आमच्या कळसूत्री बाहुल्या जतन करायला सरकारी अनुदान मंजूर झालं. काचेचं कपाट, नवे रेशमी कपडे. तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, जुन्या कापडाला कसर लागलीय. लाकूडही जाईल. उद्यापर्यंत सगळं उतरवून ठेवा, नाहीतर अनुदान परत जाईल." रामाचं उतरवलं, रावणाचं उतरवलं. सीतेचं काढवत नाही. जाऊ दे परत, गेलं खड्ड्यात!

डोळा लागतोय न लागतोय तोच बांगड्या वाजतात.

"सरका जरा," शेवंती म्हणते आणि टेकते. पडवी कुठली, हा तर कचेरीतला बाक. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं अर्ज घेऊन झिजवलेला. समोर साहेबाची रिकामी खुर्ची, आणि खुर्चीमागे जत्रेतला आमचा पडदा बांधलेला, दिवा लावलेला.

"मिळालं ना हो शेवटी अनुदान?"

"मिळालं. पण बघायला तू कुठे होतीस?" माझा आवाज चढतो. "कुणी मरायला सांगितलं होतं गो तुला?"

ती हसते. "आल्या आल्या भांडण!" सीतेला उचलून मांडीवर घेते. "काय ही दशा, पार विरलंय. काढू?"

"हात लावू नकोस. तुझं एवढंच आहे माझ्याकडे."

"माझंच आहे ना? मग मीच काढते. चिंधीपायी ही सगळी पोरं कुजवणार काय? आपल्याला मूल झालं नाही, यांनाच नटवलं ना मी जन्मभर?"

बाकाखाली नदीचं पाणी आलंय, पाय भिजतायत. ती मान वाकवून टाका दाताखाली धरते. कात्री हाताशी असली तरी ती कधी घ्यायची नाही. मी ओरडायचो, दात पडतील म्हणून. तिचे शेवटपर्यंत शाबूत राहिले, पडले माझे.

"रडू नका हो," ती दोरा तोंडात धरूनच म्हणते. "पोर उघडी आहे, आधी नेसवा तिला."

"थोडी बस ना गो. मला करमत नाही."

बाकावर कुणी नाही.

जाग येते तेव्हा ऊन पडवीत आलंय. सीता शेजारी उघडी, आणि लुगड्याचा तुकडा घडी करून माझ्या उशाशी. कात्री खुंटीला आहे तिथेच आहे. झोपेत मीच उसवलं असणार, म्हातारपणी काय काय होतं. तुकडा डोळ्यांजवळ धरतो. दोऱ्यांची टोकं चावून तोडलेली, अजून ओली.

माझ्या तोंडात एकही दात नाही.