दिवटीपुरता गावकरी

ज्याच्या हातातल्या दिवटीच्या उजेडात देवीची पालखी तुमच्या दारात येते, त्याच्याच दारात दुसऱ्या सकाळी पोलीस पाठवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आमच्या गावात त्याला पोलीस पाटील म्हणतात. माझ्या घरात त्याला थोरले काका म्हणतात, आणि सणावारी त्याच्या पाया पडतात. गेल्या शिमग्यापासून मी पडत नाही. आई म्हणते, पोरगं युनियनची पत्रकं वाचून बिघडलं. पत्रकं मी लहानपणापासून वाचतोच आहे. वडील मुंबईला गिरणीत होते, सुट्टीवर येताना ट्रंकेत खाऊ कमी आणि पत्रकं जास्त आणत, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पण माणसाची शिसारी यायला पत्रक लागत नाही, हे मला घरातच कळलं.

आमचं गाव महाडजवळच्या नाते गावाच्या पुढे, डोंगराला टेकलेलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गावात मुसलमानांचं घर एकच. तेही आमच्यासारखंच भातशेतीवाल्यांचं. त्या घराला शिमग्यात दिवटीचा मान आहे. पालखी देवळातून उठते तेव्हा पहिली दिवटी त्या घरच्या पुरुषाच्या हातात असते आणि पालखी परत देवळात बसेपर्यंत तिच्यापुढे तोच चालतो. सांगतात की कुठल्याशा लुटीच्या वेळी देवीची चांदीची रूपं त्या घराने माळ्यावर भाताच्या कणगीत लपवून ठेवली होती. खरंखोटं देवीला ठाऊक. एवढं खरं की दुसऱ्या कुणाच्या हाती दिवटी देऊन पालखी काढल्याचं गावात कुणालाच आठवत नाही.

त्या घरचा मुलगा कराचीच्या गोदीत कामाला होता. गावातली पोरं मुंबईच्या गोदीत जातात, तसा तो कराचीच्या गोदीत गेला होता. फाळणी झाली तेव्हा तो तिकडेच होता. पुढच्या वर्षी त्याने बायकोला आणि दोन मुलांना बोलावून घेतलं. थोरला मुलगा तेव्हा नुकता बोलायला लागला होता, धाकटी मुलगी अंगावर पीत होती. दोघंही जन्मली आमच्या गावात. पुढे गोदीत अपघात होऊन बाप गेला आणि आई मुलांना घेऊन सासऱ्याकडे परत आली. आली ती थोड्या दिवसांच्या परवान्यावर. परवान्याची मुदत संपली, आई परत गेली नाही. जाणार कुणाकडे? दोन पावसाळ्यांनी तीही तापाने गेली. मुलं आजोबांजवळ वाढली.

इतकी वर्षं हे सगळं गावाला माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. पोरगा लावणीला उभा राहिला की दोघांचं काम करायचा, म्हणून प्रत्येकाला तो हवा असायचा. पोरीच्या हातात शिवण होतं. गावातल्या कितीतरी नवरीमुलींच्या चोळ्या तिने शिवल्या. कुणी चिडवायला त्याला ‘कराचीचा पाहुणा’ म्हटलं, तर तो म्हणायचा, “पाव्हणा कसला रे? पाव्हण्याला जेवाया घालतात. मला आधी नांगर देतात.” थोरले काका यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचे. पोलीस पाटील या नात्याने खबर देणं त्यांचं काम होतं. ते म्हणायचे, “असू दे. आपलीच पोरं हायत.”

मग पाकिस्तानशी युद्ध झालं. महाडच्या बाजारपेठेत घोषणा झाल्या, दुकानांच्या काचांना काळे कागद लागले, आणि वरून हुकूम आला की मुदत संपून राहिलेल्या पाकिस्तानी लोकांची खबर द्या. युद्ध थांबलं, हुकूम थांबला नाही. गावात कुजबूज सुरू झाली. काल ज्यांनी त्याच्या हातून लावणी करून घेतली ते आज म्हणू लागले, “कुणाच्या पोटात काय हाय, कुणाला ठाऊक?” पोरगा समजायचं ते समजला. पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे आजोबांच्या ओळखीचा शेतकरी होता. त्याच्याकडे तो गवत कापायला म्हणून गेला आणि गोठ्यात राहिला. बहीण आजोबांपाशी राहिली, कारण म्हातारा अंथरुणाला खिळला होता.

थंडीत म्हातारा गेला. पोरगा माती द्यायला आला तेव्हा थोरले काका स्वतः कबरीपाशी उभे होते. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “भिऊ नको. मी काय पाहिलं नाय.” तो परत डोंगरात गेला. काकांविषयी गावात चांगलं बोललं गेलं. मीही बोललो.

म्हातारा गेल्यावर दिवटीचा मान पोरावर आला. माघात देवळात गावकी बसली. प्रश्न एकच होता, शिमग्याला दिवटी कोण धरणार?

एक जण म्हणाला, “आपल्यातलाच कोणी धरू दे. मुसलमानाच्या हातचीच पायजे काय? आता दिवस कसले हायत?”

गुरव म्हणाला, “मला काय इचारता? देवीला इचारा.”

दिवटी दुसऱ्याच्या हाती द्यायची का, असा कौल लावला. तीनदा लावला. तिन्ही वेळा फूल डावीकडे, म्हणजे नकाराचं पडलं. ज्याने आधी तोंड उघडलं होतं त्याने हळूच गालावर मारून घेतलं.

मी उठलो. म्हटलं, देवीने सांगितलंच आहे, तर आपण सगळे महाडला कचेरीत जाऊ. हा पोरगा आणि त्याची बहीण आपल्या गावात जन्मली, त्यांना नेलं तेव्हा त्यांना कळतही नव्हतं, हे सांगू. गाव उभं राहिलं तर कुणी त्यांना हात लावणार नाही.

“बस रे पत्रकवाल्या,” कोपऱ्यातून आवाज आला. “तुझी पत्रकं चुलीत घाल. निदान पाणी तरी तापेल.”

“कचेरीत जायचं म्हंजे उद्या आपल्यालाच इचारतील, इतकी वर्षं का लपवलीत म्हणून.”

“आणि पोरीचं काय करायचं ते तिच्या जातवाल्यांनी बघावं.”

“जातवाला कोण हाय इथं? एकच घर,” मी म्हटलं.

“मग तू लगीन लाव,” कुणीतरी बोललं, आणि देवळात हशा पिकला. ही तीच माणसं, जी मिनिटापूर्वी डाव्या कौलाने पांढरी पडली होती.

थोरले काका शेवटी बोलले. “आधी शिमगा होऊ दे. बाकीचं मागून बघू. पोराला मी आणतो.”

फाल्गुन लागल्यावर ते स्वतः गेले. एस.टी.ने पोलादपूर आणि तिथून पायी डोंगर चढून. हातात नारळ घेऊन गेले. आमच्याकडे मानकऱ्याला बोलावणं नारळानेच जातं, आणि ज्याला नारळ दिला त्याला गावाने सांभाळायचं, त्याच्याशी भांडण असलं तरी बाजूला ठेवायचं, अशी रीत आहे. निघताना मी त्यांना विचारलं होतं, “काका, त्याला शब्द देता ना?”

“नारळ देतोय. शब्द आणखी वेगळा असतो काय?”

पोराने तो नारळ घेतला आणि गोठा सोडून खाली आला. शहरातला माणूस फसला नसता. त्याने कागद मागितला असता, वकील मागितला असता. हा आमच्या गावचा होता म्हणून फसला. त्याच्या बहिणीने मात्र आमच्या ओट्यावर येऊन काकांना विचारलं होतं, “काका, सण झाल्यावर काय?”

“झाल्यावर काय म्हंजे? घरात ऱ्हा. तुझं घर हाय ना गो?”

पालखीला नवी झालर तीच शिवत होती, ती शिवायला गेली.

शिमगा चांगला झाला. हे लिहावंसं वाटत नाही, पण खरंच चांगला झाला. होम पेटला, दुसऱ्या दिवसापासून पालखी घरोघर निघाली. पोरगा सगळ्यांच्या पुढे, उघड्या हातात दिवटी, कोपरापर्यंत तेल आणि काजळी. मुंबईहून आलेले चाकरमानी त्याच्या खांद्यावर थापा मारत होते. “काय रे, बारीक झालास?” “गवत खाल्लं ना,” तो म्हणाला. बायका प्रत्येक दारात आधी त्याच्या पायावर पाणी घालत होत्या, कारण दिवटीवाल्याच्या पायावर पाणी घालायचं असतं. त्याच्या स्वतःच्या दारात पालखी थांबली तेव्हा बहिणीने साखर आणि नारळ ठेवला. आजोबा नसलेला पहिला शिमगा म्हणून दोन म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावून रडल्या. त्यांची नावं मी लिहीत नाही, पण पुढे काय केलं ते लिहिणार आहे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पालखी देवळात बसली. दुसऱ्या सकाळी उन्हं आली तेव्हा आमच्या ओट्यावर महाडचा हवालदार आणि दोन शिपाई बसले होते. काकूने त्यांना पुरणपोळ्या वाढल्या होत्या, वर तूप. काका आग्रह करत होते, “घ्या, सणाची हाय.” त्या तुपाचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

मी हवालदाराला विचारलं, तुम्ही कसे आलात? तो बिचारा खरं बोलला. “पाटलांची खबर माघातच आली होती. तेच म्हणाले, सण होऊ द्या, मग या.”

माघातच. म्हणजे नारळ घेऊन डोंगर चढण्याआधी.

मी काकांकडे पाहिलं. त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “नारळ पालखी बसेपर्यंतचा असतो. पालखी काल बसली. मी रीत मोडली नाय.” आणि शिपायाच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

ओट्यावर बसलेल्या चौघापाचांनी मान हलवली. खरंच हलवली. रीत मोडली नव्हती!

पोरगा विहिरीवर होता, हात धूत होता. काजळी निघत नव्हती. हवालदार समोर उभा राहिला तेव्हा तो आधी काकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काका, आंघोळ करून येऊ?” काकांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, “कर बाबा.” बहीण दारात उभी होती. तिलाही चल म्हणाले. तिने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या आईच्या हातात दिली. आईने ती घेऊन कनवटीला खोचली. गावातल्या दारादारांतून माणसं बघत होती. आदल्या दिवशी त्याच्या पायावर पाणी घालणाऱ्या बायकांनी दारं ओढून घेतली.

महाडच्या एका वकिलांनी फुकट काम घेतलं. त्यांच्या धडपडीने दोघं जामिनावर सुटली. तेव्हापासून ती बिरवाडीत एका भाताच्या गिरणीमागच्या खोलीत राहतात आणि ठाण्यावर हजेरी देतात. गावात यायची त्यांना बंदी आहे. वकील म्हणाले, जन्म इथला, आणि नेलं तेव्हा दोघं अल्पवयीन होती, एवढं जाणत्या माणसांनी शपथेवर सांगितलं तर आशा आहे. नाही सांगितलं तर त्यांना सरहद्दीपलीकडे धाडतील, जिथे त्यांचं आता कुणी नाही. जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. माझीही केलेली नाही. पण माझा जन्म कुठे झाला, हे मला कुणी विचारत नाही.

मी गावात दारोदार फिरलो. एकाच्या घरी सुतक होतं. एकाला गुडघा दुखत होता, पण त्याच आठवड्यात तो मला महाडच्या बाजारात बैल बघताना दिसला. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, “बाळंतपणाला मीच होते रे. पण कचेरीत बायकांनी कशाला जायचं?” दुसरी म्हणाली, “आमचे हे नाय म्हणतात.” एक शिकलेला, महाडच्या तळ्याचा सत्याग्रह आम्हाला शाळेत छाती फुगवून शिकवणारा, तो म्हणाला, “तत्त्व मान्य आहे. पण वेळ बरी नाही.” मी एकटा गेलो. कचेरीत मला विचारलं, “त्यांना नेलं तेव्हा तुझं वय काय?” चार वर्षांचा, म्हटलं. तिथेही हशा झाला.

आता पुन्हा शिमगा आला आहे. परवा गावकी बसली. थोरल्या काकांनी सुचवलं की वकिलांमार्फत अर्ज करून पोराला सणापुरती गावात यायची परवानगी मागावी. पोलिसांची हरकत येणार नाही, ते बघून घेतील. सगळ्यांना पटलं. निरोप द्यायला मला सांगितलं. नारळही माझ्या हातात दिला. मी तो तिथेच पायरीवर ठेवला आणि निघून आलो. मागून कुणीतरी ओरडलं, “देवीशी खेळतोस काय रे?”

बिरवाडीला गेलो आणि जे झालं ते दोघांना सांगितलं. पोरगा म्हणाला, “दिवटी धरायला मी येईन. मान आजोबाचा हाय, यांचा नाय. पण एकदा तरी या लोकांनी मला खरं सांगून बोलवायला पायजे.” बहीण शिवणाच्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, “नको जाऊस. मागल्या वेळी मी काकांना काय विचारलं होतं?” दोघांचं अजून जमलेलं नाही. तो जाईल की नाही, मला माहीत नाही.

हे मी मुंबईच्या चाळींत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांसाठी लिहितो आहे. त्यांना पोलीस पाटलाची भीती नाही आणि त्यांची शेतं काकांच्या बांधाला लागून नाहीत. तुमच्यापैकी ज्यांनी त्या दोघांच्या बारशाच्या वेळी त्या घरात गूळखोबरं खाल्लं, ज्यांच्या आयांनी त्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवले, ते जिवंत आहेत, मला त्यांतले कितीतरी ठाऊक आहेत. सुनावणी शिमग्याच्या दोनच दिवस आधी आहे. सणाला येणारच आहात, तर दोन दिवस आधी रजा काढा, गावाकडे न वळता महाडला उतरा, आणि कचेरीत शपथेवर एवढंच सांगा की ही दोघं आमच्या गावात जन्मली, आम्ही पाहिली आहेत.