मेणातली गाठ
आगं पोरी, मामी बोलतीया, फोन ठिवू नगं, जरा ऐक. नुसती येते येते म्हणतीस, लाज कशी वाटत न्हाई? काल मेणबत्ती विझवली आन् त्या वासानं सांगलीची वाट आठवली. तुज्या मामांच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघालेली. रोगाशी लढणाऱ्या पेशीच बिघडलेल्या, पर त्यातल्या कुठल्या, ते कळल्याबिगर औषध ठरंना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी सांगलीला तपासाय न्यायला माज्याच हातात दिली. एस्टीत लय ऊन. मेण वितळंल म्हणून मी ती ओल्या फडक्यात लोण्यागत धरून बसले. सांगलीच्या लॅबमधली पोरगी हसली, "आज्जी, ताक बी आणलंय का?" मग म्हणाली, "तुकड्यावर अँटिबॉडी टाकतो, एकेक अँटिबॉडी तिच्या ठरलेल्या जातीच्या पेशीलाच चिकटती, तिथं तपकिरी रंग उठतो." रंग उठला, पेशी कुठल्या ते कळलं, औषध ठरलं, गाठ विरली, मामांचं अंग मातर पुन्ना भरलं न्हाई. आता दोन शब्द बोलले की डोळं मिटतात. तुला वळखतात तवर येऊन जा गं.