कारण सांगा, वहिनी

चष्मा कपाळावर सारायचा, एक बोट वर करायचं आणि बोलायचं, "कारण सांगा, वहिनी!" मी तोंड उघडायच्या आत स्वतःच कारण सांगून मोकळं व्हायचं. असा एक माणूस तुमच्याही शेजारी असेलच.

आमच्या कल्याणच्या चाळीत त्यांना सगळे मास्तर बोलायचे. शाळेत कधी शिकवलं नाही, कोलशेतला कंपनीत होते. पण देवाधर्मावर तोंड सुटलं की नळाचं पाणी जायचं, मास्तर चालूच.

माझा मंगळवार दिसला की चेवच यायचा. "उपाशी राहून देवी पावते होय? अडाणीपणा नुसता!"

एकदा बोललेच मी, "मास्तर, नावं ठेवा, पण आधी विचारा तरी, का करते म्हणून."

"खुळचटपणा समजून कशाला घ्यायचा? तो खोडायचा!"

"डॉक्टरपण आधी विचारतो, कुठे दुखतंय."

नळावरच्या बायका हसल्या. मास्तरपण हसले. विचारलं नाहीच.

नवरा गेला तेव्हा पोरं लहान. धुणीभांडी करून भाकऱ्या व्हायच्या त्या पोरांपुरत्या. थोरली विचारायची, "आई, तू का नाय जेवत?" काय सांगणार? बोलले, देवीचा मंगळवार आहे. पोरगी गप जेवली. मग शनिवार धरला, चतुर्थी धरली. देवीने काय घर भरलं नाही माझं. पण पोरांसमोर लाज राखली. म्हणून पोरं कमावती झाली तरी मंगळवार सोडला नाही मी. हे यांच्या कुठल्या भाषणात बसणार होतं?

पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले. मुलाने शीळफाट्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी भेटायला गेले. सुनेने ताटं वाढली. मास्तरांनी घास उचलला, तर आमटी सगळी सदऱ्यावर. नात फिसकन हसली.

मास्तरांनी हात मांडीखाली दडवले. "ने ते ताट, सूनबाई. आज माझा उपास आहे."

"तुमचा? बाबा, कसला उपास?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. 'कारण सांगा, मास्तर,' अगदी ओठावर आलेलं माझ्या. सगळं फेडून घ्यायची वेळ होती.

"मीच सांगितला धरायला," मी बोलले आणि माझंही ताट सारलं.

एरवी केवढे उसळले असते! आज सुनेकडे बघून मान डोलावली.

निघताना दारापर्यंत आले. "वहिनी, तुम्ही मंगळवार का धरायच्या हो?" आणि थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उत्तराला थांबले.

"तुमचा आजचा जसा, तसाच माझा," मी बोलले आणि जिना उतरले.

ती शेवटची भेट. खालून वळून बघितलं तर दारातच उभे होते. बोट वर नव्हतं.