उघड्या मानेची कोंबडी

भर दुपारी शांतामावशीच्या अंगणात पांढऱ्या कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या. जास्त अंडी देणारी जात म्हणून माहितीपत्रक वाचून मीच तिला त्या घ्यायला लावल्या. तिच्या गावठी कोंबड्या विकल्या गेल्या. उरली एकच, मानेवर पिसं नसलेली. कुरूप म्हणून तिला कुणी घेतलं नव्हतं. ती मात्र निवांत माती उकरत होती.

“पत्रकात आपलं ऊन लिहिलं होतं का गं?” मावशीने विचारलं.

छापील शब्दासाठी मी आजवर लोकांशी भांडत आले. तो कुठल्या गार खोलीत लिहिला गेला, हे कधी विचारलं नाही.

“मान उघडी, म्हणून हिला ऊन सोसतं. हिचीच अंडी उबवायला ठेवू,” मावशी म्हणाली. “तोवर तुझ्या पाहुण्या जगव.”

मी ओलं पोतं त्यांच्यावर धरून उभी राहिले. एकीचे डोळे मिटत होते.