मामांचा खर्ज

चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात त्या काळी बँड लावून जी लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्याअधिक लग्नांत आमचे मामा वाजवत होते आणि त्यांतल्या एकाही नवरदेवाला ते ऐकू आले नाहीत. असा वादक मी दुसरा पाहिला नाही. बाकीचे वाजवणारे आपलं ऐकलं जावं म्हणून गालांच्या शिरा फुगवून फुंकतात; मामा घामाघूम होऊन, डोळे मिटून, जीव ओतून असं काही वाजवायचे की शेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारावं, "यांचं अजून सुरू व्हायचंय का?" मामा माझे सख्खे मामा नव्हेत. मी कऱ्हाडाकडून एका नव्या कारखान्यात नोकरीला आलो आणि चिंचवड गावात आक्कांकडे भाड्यानं खोली घेतली. मामा म्हणजे या आक्कांचे धाकटे भाऊ. आक्कांची मुलं त्यांना मामा म्हणत म्हणून सगळी आळी मामा म्हणे, आणि रागावल्या की आक्काही त्यांना मामाच म्हणत.

मामांचं वाद्य म्हणजे डबल बास. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं, चार जाड तारांचं अवाढव्य व्हायोलिन. जमिनीवर उभं करायचं आणि मिठी मारल्यासारखं धरून बोटांनी छेडायचं. लग्नाच्या बँडमध्ये हे वाद्य नसतं. पण मामा तरुणपणी खडकीच्या छावणीत साहेबलोकांच्या क्लबात सामान उचलायच्या कामावर होते, आणि तिथल्या नाचाच्या बँडचा हा बास रोज खोलीतून काढून मंचावर ठेवायचा आणि पुन्हा खोलीत न्यायचा, एवढंच त्यांच्याकडे होतं. बास वाजवणाऱ्या साहेबाची बोटं बघून बघून त्यांनी ती विद्या उचलली. इंग्रज गेले, क्लब मोडला, ज्याला जे आवडलं ते त्यानं नेलं. ट्रम्पेट गेलं, सॅक्सोफोन गेला, पियानोवरचं मखमली कापडसुद्धा गेलं. हे धूड मात्र कुणी न्यायला तयार होईना, म्हणून ते मामांच्या वाट्याला आलं. ते घोंगडीत गुंडाळून मामांनी आगगाडीनं खडकीहून चिंचवडला आणलं. डब्यातल्या एका म्हातारीनं ती गुंडाळी बघून हात जोडले, दोघा-तिघांनी मुकाट्यानं जागा करून दिली, आणि मामांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "बसायला मिळालं म्हंजे झालं," ते सांगायचे, "मेल्यालाबी मान असतो, पावनं."

त्या बासचं नाव त्यांनी साहेब ठेवलं होतं. साहेबाचे लाड काही विचारू नका. थंडीत साहेबाला घोंगडी, उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून शेजारी पाण्याचा माठ, आणि पावसाळ्यात खाली विटा. कुठल्या कोपऱ्यात उभा केला की साहेबाचा आवाज भरून येतो याचा मामांनी घरभर शोध घेतला होता. माजघरात तो कोरडा लागायचा, पडवीत पातळ व्हायचा, आणि खरा गोड लागायचा तो धान्याची कणगी होती त्या कोपऱ्यात. मग कणगी हलली. "दाणं उघड्यावर आन् ह्याचा साहेब कोपऱ्यात! ह्याला जेवायलाबी साहेबच वाढंल आता," असं आक्का मला उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या. पण वाढायच्या त्याच, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच असायचा.

तारांचा प्रकार तर याहून भारी. बासला आतड्याची तार लागते, आणि ती आता विलायतेहून कोण पाठवणार? मामांनी सायकलच्या ब्रेकची तार लावून पाहिली, सुंभ मेण लावून ताणून पाहिला, शेवटी पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीला असते ती तात त्यांना सापडली. ती बकऱ्याच्या आतड्याचीच असते. मामांनी भोसरीच्या एका पिंजाऱ्याशी दोस्ती केली, त्याच्याकडून चांगली लांब तात वळून आणली आणि सुकायला परसात दोन खांबांना ताणून बांधली. आक्का माळकरी, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. त्यांना वाटलं, भावानं कधी नव्हे ते घरासाठी काही आणलं. छान गुळगुळीत दोरी आहे. त्यांनी एकादशीचं सोवळं धुऊन त्या तातेवर वाळत घातलं. खरं कळलं तेव्हा आक्कांनी परसातच डोक्यावरून घागर ओतून घेतली आणि आठवडाभर भावाशी बोलणं टाकलं. मामा अपराधी चेहऱ्यानं माझ्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "पर एक हाय पावनं, पदराच्या वज्जानं तात काय झ्याक ताणली गेलीया!"

बँड होता गावातल्याच एका मुसलमान कुटुंबाचा. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवत, फार सज्जन आणि भिडस्त माणूस. नवरदेवासाठी लागणारी घोडीही त्यांच्याच घरची, चंद्री नावाची, पांढरी, कपाळावर करडा ठिपका असलेली. मला या बँडमध्ये मामांनी घुसवलं. एक क्लॅरिनेटवाला काम सोडून मुंबईला गेला होता, त्याचा लाल कोट कुणाच्या अंगाला बसेना, तो मला बसला. मला वाजवता येतं का, हा प्रश्न निघालाच नाही. प्रत्येक बँडात असे एक-दोन जण असतात. कोट घालायचा, वाद्य तोंडाला लावायचं, गाल फुगवायचे आणि चालायचं. म्हणजे त्या बँडात मी न वाजवता वाजवणारा दिसत होतो आणि मामा वाजवूनही न वाजवणारे. आमचं जमलं ते बहुधा याचमुळे.

मिरवणुकीत साहेबाला चालवायचं कसं, तर हातगाडीवर. गाडीच्या मागच्या टोकाला खांब ठोकून साहेब त्याला उभा बांधलेला असे. पुढून गाडी ओढायला मास्तरांचे सासरे. ते ठार बहिरे, त्यामुळे आमच्या बँडमधले सर्वांत समाधानी गृहस्थ. गाडीमागून चालत, हात वर करून मामा वाजवणार, आणि त्यांच्या पाठीशी लगेच चंद्री, चंद्रीवर नवरदेव. मामा अंगावर लाल कोट, सोनेरी झालर, डोक्याला फेटा, सगळं नियमानं घालायचे, पण पायात काही नाही. मास्तर बूट घालायची विनवणी करून थकले. "वरचा सूर कानानं ऐकायचा आसतुया," मामा म्हणायचे, "खर्ज तळपायानं. बूट घालून मी काय भैरा हुऊ?" एकदा त्यांनी मला चपला काढून गाडीजवळ उभं केलं आणि एक तार छेडली. मला खडे टोचले, दुसरं काही कळलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी "वा!" म्हटलं. "न्हाई कळलं तुमास्नी," मामा हसून म्हणाले. "कळंल."

होता होता एक दिवस यायचा तो आलाच. पुण्यातल्या बँडांनी दोन-दोन, तीन-तीन ट्रम्पेटं आणली होती, लोकांना दणका हवा होता, आणि आमच्याकडे एक अख्खी हातगाडी न ऐकू येणाऱ्या वाद्यासाठी फिरत होती. मास्तरांनी भोसरीच्या लग्नाला साहेबाऐवजी नवा ट्रम्पेटवाला न्यायचं ठरवलं. मामांना तोंडावर सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते माझ्यावर ढकललं. "भाऊ, तुमीच बोला त्यांना. एकदा बगू म्हनावं, बगैर बासचं कसं होतंय. लोकान्ला फरक नाय पडला, तर मग..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मी घरी येऊन चाचरत सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, साहेबावरची घोंगडी उगाच नीट केली आणि म्हणाले, "बरं. मास्तराचंबी पोट हाय." मग म्हणाले, "मी येतो भोसरीला. वाजवाया न्हाई. माझ्याबिगर वाजतंय का, ते बगाया." त्या घरात मामांचं म्हणावं असं साहेबाशिवाय काही नव्हतं, आणि तो नुसता कोपऱ्यात उभा राहिला तर हा माणूस काय करणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही. आक्का त्या दिवशी त्यांच्यावर एकदाही रागावल्या नाहीत, त्यावरून त्यांनाही ते कळलंय हे माझ्या ध्यानात आलं.

भोसरीला गोरज मुहूर्त होता. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोडीवर बसतो आणि वाजतगाजत मांडवात येतो; त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. परण्या निघाला. नव्या ट्रम्पेटवाल्यानं असा काही सूर लावला की पारावरची पोरं नाचायलाच लागली. मी गर्दीत मामांना शोधलं. धुवट सदरा, टोपी, पायात वहाणा, असे ते कडेला उभे होते आणि मान खाली घालून ऐकत होते. फरक कुणालाच पडला नव्हता. बँड पुढं गेला, पोरं पुढं गेली, मशालीवाले पुढं गेले, आणि चंद्री मारुतीसमोर होती तिथंच उभी राहिली.

तिला चुचकारलं, हरभरे दाखवले, गूळ दाखवला. तिनं गूळ खाल्ला आणि पुन्हा उभी राहिली. मास्तर परत धावत आले, त्यांच्यामागं मी; ते तिच्या कानात काय काय बोलले. नवरदेवाच्या काकांनी लगाम ओढला तर ती दोन पावलं मागं सरली आणि नवरदेवाचं बाशिंग वाकडं झालं. "आरं घोडी हाय का भिताड हाय?" काका ओरडले. कुणीतरी नवरदेवाला चालत न्यायचं सुचवताच ते आणखी भडकले. "आमचा पोरगा पायी जायाचा न्हाई! मुहूर्त टळला तर मास्तर, तुमी हाय आन् मी हाय!" मांडवातून निरोपावर निरोप यायला लागले. मास्तर क्लॅरिनेट काखेत मारून सगळ्यांना हात जोडत होते.

तेव्हा मामा गर्दीतून पुढं आले. साहेब तर चिंचवडला कोपऱ्यात. त्यांनी चंद्रीकडे पाहिलं, मग खाली वाकून वहाणा काढल्या आणि माझ्या काखेत दिल्या. तिच्या तोंडापुढं जाऊन, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि घशातून, छातीतून, पोटाच्या तळातून "धुम्म... धुम्म..." असा खर्ज काढत टाच आपटत चालू लागले. चंद्रीनं कान पुढं केले आणि त्यांच्यामागं निघाली.

मास्तर भानावर आले, त्यांनी हात वर करून बँड सुरू केला. मी मामांच्या शेजारून चालत होतो, तोंडात मुकं क्लॅरिनेट, काखेत वहाणा. आणि इतक्या लग्नांत पहिल्यांदाच मला तो खर्ज ऐकू आला. एवढे दिवस आम्ही सगळे त्याच्यावर उभे होतो. तो आला आणि ट्रम्पेटचा नुसता कलकलाट होता त्याचं गाणं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाल फुगवलेले असताना रडणं फार अवघड असतं. मांडवाच्या दारात मामा थांबले, घोडी थांबली, मुहूर्त साधला. मामा चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून म्हणत होते, "तू ऐकत हुतीस व्हय गं? आन् मला कदी बोलली न्हाईस!" इतका सुखी माणूस मी त्या मांडवात दुसरा पाहिला नाही, नवरदेव धरून.

पुढच्या लग्नाला हातगाडी परत आली. भिडस्त मास्तर सगळ्यांना सांगत, "घोडीला आदत हाय, काय करनार!" आणि ट्रम्पेटवाल्यालाही त्यांनी ठेवून घेतलं. मामा आता जास्तच जीव ओतून वाजवायचे आणि मधूनमधून मान वळवून चंद्रीकडे दाद मागायचे. ती मान हलवायची. माशांसाठी हलवत असेल, पण हे मामांना कोण सांगणार?

दिवस मात्र थांबले नाहीत. कारखाने वाढले, रस्ता रुंदावला, पाहुणे हौसेनं फुलं लावलेली मोटार मागायला लागले. चंद्री म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात गेली. मास्तरांनी घोडी पुन्हा घेतली नाही. मामांनी दोन-तीन लग्नांत मोटारीपुढं वाजवून पाहिलं. मागून हॉर्न वाजायचा. मग एक दिवस त्यांनी स्वतःच कोट धुऊन, घडी घालून मास्तरांना परत दिला. मास्तर नको नको म्हणत होते आणि खरंच म्हणत होते. मामा एवढंच म्हणाले, "मोटारीला तळपाय न्हाईत, मास्तर."

त्यानंतर माझं लग्न ठरलं, चिंचवडातच. माझ्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं मोटार ठरवली होती. मी नको म्हटलं. मास्तरांकडून मामांचा तो लाल कोट मागून आणला आणि मामांपुढं ठेवला. त्यांनी परसात जाऊन तात ताणायला घेतली, आणि आक्कांनी आपण होऊन आपलं ओलं लुगडं त्यावर टाकलं. मास्तरांचे बहिरे सासरे काठी टाकून गाडी ओढायला आले. मारुतीला नमस्कार करून मी चपला देवळातच ठेवल्या. "नवरदेव अनवाणी?" माझे थोरले काका कुजबुजले. मी साहेबाच्या मागं, मामांच्या पाठीशी, चंद्री चालायची तिथून चालू लागलो.

एकाही नवरदेवाला ते ऐकू आले नाहीत असं मी सुरुवातीला म्हटलं, ते तेवढं दुरुस्त करून घ्या. रस्त्याची धूळ कोवळ्या उन्हानं कोमट झाली होती, आणि तिच्यातून तो खर्ज माझ्या तळपायांत चढत होता, गुडघ्यांपर्यंत, मग छातीपर्यंत. पुढच्या वळणावर मामांनी सवयीनं मान मागं वळवली. मी मान हलवली.