पत्ता सांगणार नाही

ओठ ताईचा फुटला होता आणि माफीही तिनंच मागायची होती.

देवळाच्या मंडपात गावकी बसली होती. पुरुष सतरंजीवर. आई, ताई आणि मी पायरीखाली, उन्हात उभ्या. ताईच्या नवऱ्याला मात्र खुर्ची. कारण तो अण्णांचा पुतण्या. अण्णा आमच्या गावकीचे प्रमुख. किनाऱ्यावर त्यांची कॉटेजेस आहेत, पर्यटकांना फिरवायच्या बोटी आहेत. बोटी हा पुतण्या सांभाळतो.

"देवापुढं नारळ ठेव," अण्णा म्हणाले. "आन् बोल, परत घर सोडनार न्हाय."

"मारतो तो," ताई म्हणाली.

"मारतो म्हनून कोन घर सोडतं? तसं असतं तर तुझी आयस रोज पळाली असती."

मंडप हसला. आईसुद्धा हसली. कसनुशी. काय करणार होती?

मी तोंड उघडलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ए कालेजवाली, गप. तुजं लगीन पन याच लोकांत जमवायचं हाय."

ताईनं नारळ ठेवला. नवऱ्याच्या पाया पडली. त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही.

ताई पळाली होती तळा गावाला, मावशीकडे. तिथं तिला कोणी शोधलं नसतं. पण लग्न झालेली मुलगी सासरी न कळवता ठेवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. आईला रात्रभर तेच खात राहिलं. सकाळी ती स्वतः विहिणीच्या दारात गेली. "पोर तळ्याला माज्या भनीकडं हाय, काळजी करू नका," म्हणाली. संध्याकाळी त्याची गाडी मावशीच्या अंगणात. ताईला केसांना धरून आणलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अलिबागला कॉलेजात एकदा एक समुपदेशक बाई बोलायला आल्या. त्या निघाल्या तशी मी मागे धावले, ताईचं सगळं सांगितलं. वाटलं, पोलिसांत जा म्हणतील. त्यांनी विचारलं, "तुझ्या ताईला काय करायचंय?"

हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

ताईला एकटीला बाहेर सोडत ते फक्त बाळाला लस टोचायला. म्हणून बाई तिला आरोग्य केंद्रातच भेटल्या. बाकावर, रडणाऱ्या पोरांच्या गोंगाटात. फोन कोण तपासतं? तो घरात कधी नसतो? बाळाचा जन्मदाखला कुठं आहे? ताईची चूक काय, हे मात्र विचारलं नाही. म्हणाल्या, "निघतानाची वेळ सगळ्यात धोक्याची असते. आणि निघाल्यावर कुठं आहेस ते कुणाला कळू द्यायचं नाही. आईलासुद्धा."

कागद थोडे थोडे करून माझ्या दप्तरात आले. मग एका रविवारी भर दुपारी, किनाऱ्यावर गर्दी, तो बोटीवर, ताई बाळाला कडेवर घेऊन घराबाहेर पडली.

पुन्हा गावकी बसली. या वेळी मी पायरी चढून वर गेले.

"कुठं हाय ती?" अण्णांनी विचारलं.

"मला माहीत आहे. सांगणार नाही."

"मग तुमचं घर वाळीत. लगीन असू दे, मयत असू दे, कोन दारात येनार न्हाय."

"वाळीत टाकणं गुन्हा आहे, अण्णा. मी तक्रार करीन."

ते आईकडे वळले. "तू सांग गो. मागं सांगितलंस तसं."

"मला ठावं न्हाय," आई म्हणाली. मग सगळ्यांदेखत माझ्याकडे वळली. "आन् मला सांगू पन नको. मी सांगून बसेन."

कोणी हसलं नाही.

आता आमच्या दारात कोणी येत नाही. दुकानदार मला बघून आत जातो. पोलिसांत तक्रार दिली आहे. तिथले साहेब म्हणतात, मिटवून घ्या. मी उद्या परत जाणार आहे. परवाही जाईन.

हे ताईचा नवराही वाचेल. वाचू दे. गाव, रस्ता, ओळखीचं माणूस शोधत बसू दे. ताई कुठं आहे ते मी इथंही लिहिलेलं नाही. उद्या दुसरी कोणी फुटल्या ओठानं माझ्याकडे आली, तर तिचाही पत्ता माझ्या तोंडून निघणार नाही.