वारो तू खा

शेपटीला धावताना मी कधी पाहिलंच नाही. हायस्कूलची तीन वर्षं आम्ही दोघी तीन हजार मीटरला एकत्र धावलो, पण मला ती फक्त ऐकू यायची. माझ्या मागे, हाताच्या अंतरावर, अनवाणी पावलांची थपथप. दिसायची ती शेवटच्या वळणावर, आणि तीही पाठमोरी. शेपटी हे नाव मीच ठेवलं होतं. त्या नावाचा तिला राग येत नाही, याचा मला राग!

आमचं मैदान समुद्राला लागून. दुपारनंतर खारा वारा असा सुटायचा की छातीवर हात ठेवून कुणी मागे लोटतंय असं वाटावं. तो वारा मी अंगावर घ्यायची आणि ही बया माझ्या आडोशाने निवांत. एकदा चिडून म्हटलं, "कधीतरी तू फुडे जा गो!"

"कित्याक? वारो तू खा, पेढे मी खातंय."

जिंकणारीला खेळाचे सर पेढा भरवत. तीन वर्षं तो तिच्याच तोंडात जाताना मी पाहिला.

बरं, मला काय कमी होतं? बाबांनी कोल्हापूरहून बूट आणलेले, सकाळी दूध, अंडं. ही धामापूरकडची, शेतकऱ्याची लेक. पेज पिऊन शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, पळत बस गाठणारी. कुठे शिकलीस म्हणून विचारलं की हसायची. "मेरेवरसून पाय घसारलो की चिखलात. आपसूक येता धावाक." असं सोपं करून सांगितलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

शाळेच्या व्हरांड्यात विक्रमांचा फळा होता. तीन हजारच्या रकान्यात कुणा जुन्या मुलीचं नाव होतं, आणि तिथे मला माझं नाव हवं होतं. बस्स, दुसरं काही नको. दहावीत, जिल्ह्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी शेपटी म्हणाली, "सांजेक घराकडे ये गो. आजो गाराणां घालतलो."

मी भाबडी गेले. देवळात आजोबांनी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात देवीला सांगितलं, "गे माय, ह्या चेडू उद्या धावाक जाता. तेच्या फुडे जां चेडू धावतला, तेच्या पायात वाऱ्याचा बळ दी. आणि शेवटाक ह्या आमच्या चेडवाक यश दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

परतीच्या बसमध्ये डोक्यात उजेड पडला. पुढे धावणारं चेडू, ती पुढची पोरगी, म्हणजे मीच की! हिचा विक्रम व्हावा म्हणून मला पळवायची सोय तिने देवीकडेच लावली होती.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, जोरात धावायचंच नाही. मी अशी रेंगाळले की कडेचे लोक हसायला लागले. मागून आवाज आला, "पाय उचल गो! देवीक सांगलेला आसा!" मी ढिम्म. मग ती म्हणाली, "हळू धावलंस तरी जिंकतलंय मीच. पण मगे फळ्यार तुझाव नाव नाय, माझाव नाय."

जळफळाट झाला, कारण खरं होतं. मी सुटलेच. वारा, घाम, डोळ्यांत मीठ, आणि सर कडेने ओरडतायत की विक्रम मोडणार. शेवटचं वळण आलं. थपथप बाजूला आली आणि पुढे निघून गेली. जुना विक्रम आम्ही दोघींनी मोडला, पण फळ्यावर रंगलं एकीचंच नाव.

पुढे ती खेळाच्या जोरावर पोलिसात लागली, पुण्याला गेली. मी आमच्याच शाळेत खेळ शिकवते, रोज त्या फळ्याखालून जाते. यंदा माझ्या एका विद्यार्थिनीने तो विक्रम मोडला, आणि मी तिथूनच शेपटीला फोन लावला. खोटं कशाला बोलू, आनंद पोटात मावत नव्हता.

"तुझो रेकॉर्ड गेलो गो!"

ती खळखळून हसली. मग विचारलं, "तेच्या फुडे कोण धावत होता?"

मी नाव सांगितलं. सगळी शर्यत मी त्याच पोरीकडे बघत होते.

"मगे पयलो पेढो तेका दी," शेपटी म्हणाली. "माझ्या नावान. वारो तेनाच खाल्ल्यान."

मी पेढा नेऊन दिला. पोरीने तो माझ्यासमोरच खाल्ला, बोटं चाटली. आणि त्या एवढ्याशा पोरीचा मला जसा हेवा वाटला, तसा शेपटीचाही कधी वाटला नव्हता.